पिकअपचे पाटे आणि मामीचं माहेर

भोपाळ, टाउनशिप, मामा आणि एक जुनी गाडी. एवढं ऐकून तुम्ही रुमाल काढला असेल तर परत खिशात घाला. तुम्हाला काय वाटतंय ते मला माहितीय. आता गुलमोहर येणार, कारखान्याचा भोंगा येणार, मग मामा रिटायर होणार आणि क्वार्टरची किल्ली परत देताना त्यांचा हात थरथरणार. तसलं काही नाही. मामांच्या नोकरीची तेव्हा अजून बारा वर्षं बाकी होती. गुलमोहर होता, पण त्याच्या खाली गाडी उभी असायची आणि गाडीच्या खाली मी. माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं, पण ते डोळ्यात ग्रीस जायचं म्हणून.

ही गोष्ट लोखंडाची आहे. म्हणजे थोडं लोखंड आणि एक कंबर.

कंबर मामीची. मी वरुडला शाळा केली, आयटीआय केलं, आणि ॲप्रेंटिस म्हणून भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात लागलो. मामा तिथेच क्वालिटी इन्स्पेक्टर, म्हणून माझी राहायची सोय त्यांच्या पिपलानीच्या क्वार्टरमध्ये. मी राहायला गेलो त्याच्या आदल्या वर्षी कपडे वाळत घालताना मामीची कंबर धरली, ती धरलीच. टाउनशिपच्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, झटके टाळा.

"झटके टाळा म्हणे," मामी म्हणायची. "यांच्याशी लग्न झालंय माझं. कसे टाळू?"

तिचं माहेर मुलताईपासून पंधरा-सोळा किलोमीटर आत, एका खेड्यात. मुलताईपर्यंत ट्रेन जाते. पुढे एक ऑटो जायचा. ऑटो म्हणजे आपण ज्याला ऑटो म्हणतो तो नाही. त्यात चौदा माणसं, दोन बकऱ्या आणि ड्रायव्हरच्या मांडीवर ड्रायव्हरचा मेव्हणा. शेवटचं ती त्यातून गेली होती आणि परत आल्यावर तीन आठवडे आडवी होती. तेव्हापासून दीड वर्ष ती माहेरी गेली नव्हती. तिची आई दर रविवारी फोन करायची. "आंबे पाडाला लागलेत गं, कधी येतेस?" मामी म्हणायची, "येते ना, जरा कंबर बरी होऊ दे." मग फोन ठेवून ती गहू निवडायला बसायची. निवडलेलेच गहू परत निवडायची.

घरात गाडी नव्हती का? होती. त्याचंच तर सांगतोय.

मामांनी एका सरकारी खात्याच्या लिलावात एक उंच, चौकोनी डिझेल गाडी घेतली होती. पुढे दोन सीटा, मध्ये एक बाक, मागे समोरासमोर दोन बाक. आजकाल अशा गाडीला एसयूव्ही म्हणतात आणि लोक तिच्यासमोर उभं राहून फोटो काढतात. आम्ही तिला डब्बा म्हणायचो. डब्ब्याचं इंजिन चांगलं होतं, पण मागचे पाटे पार बसले होते. पाटे म्हणजे चाकांच्या वर असते ना, एकावर एक पोलादी पट्ट्या ठेवून केलेली कमान, ती. खड्डा आला की ती कमान वाकते, मग माणूस वाकत नाही. आमच्या डब्ब्यात कमान वाकून सरळ झालेली आणि सरळच राहिलेली. खड्डा चाकातून थेट मणक्यात. कंपनीनं ते मॉडेल बंद केलेलं, त्यामुळे पार्ट मिळत नव्हते.

वैशाखात मामीच्या आईचा असाच फोन येऊन गेला. मामी गहू घेऊन बसली. मामांनी पेपर खाली ठेवला, घसा खाकरला आणि म्हणाले, "हां, तर असं आहे."

मामांचं प्रत्येक बोलणं असंच सुरू व्हायचं. आधी खाकरणं, मग 'हां', मग थोडी जागा सोडून 'तर असं आहे'. जसं काही टर्बाइन चालू होतंय. मी आल्यापासून पंधरा दिवसांत हे उचललं होतं. शाळेत असताना मी हेडमास्तरांच्या आवाजात दोनदा अर्धी सुट्टी जाहीर केली होती, त्यामुळे मामा म्हणजे माझ्यासाठी सोपा पेपर.

"हां, तर असं आहे. पार्ट मिळत नाहीत तर दुसऱ्या गाडीचे बसवू. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी तुला माहेरी नेतो. डब्ब्यातून नेतो. कमरेला धक्का लागला तर डब्बा भंगारात."

मामीनं गव्हाचं सूप बाजूला ठेवलं.

मग आम्ही कबाडखान्यात गेलो. भोपाळमध्ये सुट्या पार्टचा हा मोठा बाजार. इथे एका गाडीचे हातपाय दुसऱ्या गाडीला लागतात आणि दोघीही धावतात. तिथे एक उस्ताद होते, पांढरी दाढी, तोंडात पान, डोक्यावर जाळीची टोपी. मामा शर्टाच्या खिशातून व्हर्नियर काढून एकेक पाटा मोजायला लागले. लांबी, रुंदी, जाडी, तीही तीन ठिकाणी. उस्ताद बराच वेळ बघत होते.

"को खां," ते म्हणाले, "नाप क्या रिये हो इत्ती देर से? रिश्ता पक्का करना है क्या?"

"जाडी सगळीकडे सारखी पाहिजे," मामा मला मराठीत म्हणाले, "यांना सांग."

"ये के रिये हैं के लोहा सुंदर तो है, सुशील भी है के नहीं," मी उस्तादांना त्यांच्याच आवाजात सांगितलं. उस्ताद इतके हसले की पान बाहेर आलं. मामांनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी नंतर आरशासमोर बसवायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. त्याला भुवया लागतात.

उस्तादांनी आतून एक जोडी काढून दिली. माल वाहणाऱ्या पिकअपचे पाटे, जवळजवळ नवे. "ये डाल लो मियां. ऊपर हाथी बैठ जाए, चूं नई करेंगे."

हत्ती म्हटल्यावर मामा खूष. कारखान्यात त्यांचं आयुष्य एका वाक्यावर चालायचं. जेवढी ताकद लागते त्याच्या दुप्पट ठेवा. माझंही शिक्षण त्याच वाक्यावर चालू होतं, म्हणून मलाही ते बरोबर वाटलं. हे लक्षात ठेवा, इथेच आम्ही दोघं गाढव ठरलो. फक्त ते कळायला तीन आठवडे लागले.

पिकअपचे पाटे आमच्या गाडीच्या पाट्यांपेक्षा दोन इंच लांब होते. मग पाट्याचं मागचं टोक ज्या झुलत्या कडीत अडकतं, ती कडी नवीन करून घेतली. मी म्हटलं, कारखान्यात लेथ आहे, जेवणाच्या सुट्टीत दोन मिनिटांत काढतो. मामा म्हणाले, "कारखान्याचा खिळासुद्धा घरी आणायचा नाही." म्हणून गोविंदपुऱ्यात एका छोट्या वर्कशॉपमध्ये पैसे देऊन करून घेतली. शॉकर घेतले मिनीबसचे. त्यांची भोकं मोठी निघाली, म्हणून आतून बुश, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्या, बसवल्या. मामांनी या सगळ्याचं ड्रॉइंग काढलं, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, खाली स्वतःची सही करून. तपासणाऱ्याचीही सही पाहिजे म्हणून तीही स्वतःच केली.

दोन रविवार आम्ही गुलमोहराखाली काम केलं. आम्ही म्हणजे अख्ख्या रांगेनं. टाउनशिपमध्ये कुणी नुसतं बघून पुढे जात नाही. समोरच्या क्वार्टरमधले काका नागपूरचे. कारखान्यात मोठी क्रेन चालवायचे आणि स्वतःसुद्धा क्रेननंच उचलावे असे. ते खुर्ची टाकून बसायचे. "खाली घे बे, अजून खाली. हां, रोक!" हातानं इशारे असे द्यायचे की जॅक आपोआप हलेल असं वाटावं. वरच्या मजल्यावरचे बंगाली दादा इलेक्ट्रिकल विभागातले. पाट्यांशी त्यांचा काहीच संबंध नाही, तरी वर खिडकीतून मत द्यायचे. "उसमें थोड़ा ग्रीस दो। शोब चीज़ में ग्रीस दो।" त्यांची बायको, म्हणजे आमच्या बौदी, चहा खाली पाठवायच्या, दोरी बांधलेल्या बादलीतून. मला गाडीखालून फक्त पाय दिसायचे. एकदा मी खालून क्रेनकाकांच्या आवाजात ओरडलो, "वहिनी, भजी पण टाका!" आणि खरंच आली.

काम संपलं तसं मामांनी टेस्ट ठेवली. आमच्या कारखान्यात कुठलंही मशीन पूर्ण लोडवर चालवून बघितल्याशिवाय बाहेर जात नाही. मग डब्बा कसा जाणार? मामा, मी, क्रेनकाका, काकू, दादा, बौदी, आणि लोड कमी पडू नये म्हणून काकूंचं भरलेलं गॅस सिलिंडर. सगळे होशंगाबाद रोडला लागून बाग सेवनियापर्यंत गेलो. तिकडे तेव्हा नव्या कॉलन्या होत होत्या आणि रस्ता खोदलेला होता. मामांनी मुद्दाम खड्डे शोधले. आणि काय सांगू, डब्बा पाण्यावरून गेल्यासारखा गेला. बौदींच्या हातात स्टीलच्या ग्लासात ताक होतं, टेस्टसाठी. थेंब सांडला नाही. काकूंनी मागे गाणं सुरू केलं. परत आल्यावर मामांनी खडूनं मडगार्डवर 'ओके' लिहिलं आणि खाली आडवी रेघ मारली.

मामी त्या टेस्टला आली नव्हती. ती म्हणाली, "पास झाली की सांगा."

पास झाली, सांगितलं. निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, ती पहिल्यांदा गाडीत बसली. आईसाठी लुगडं घ्यायला बाजारात जायचं होतं. मामा चालवत होते, ती त्यांच्या शेजारी, मी मागे. तिघंच. कोपऱ्यावरचा पहिला स्पीडब्रेकर आला. तसा अगदी साधा. मागची चाकं त्याच्यावरून गेली आणि डब्ब्यानं शेळीसारखी उडी मारली. माझं डोकं टपाला लागलं. मागून मला नुसती तिची बोटं दिसत होती, दाराचा दांडा धरलेली, पांढरी पडलेली.

"थांबवा," ती म्हणाली.

ती उतरली आणि कमरेवर हात ठेवून चालत घरी गेली. आम्ही दोघं तिच्या मागे, पायी जायच्या वेगानं डब्बा चालवत. मामा खिडकीतून म्हणत होते, "अगं ऐक, अगं हळू नेतो." तिनं मागे बघितलं नाही.

घरी येऊन तिनं फोन लावला. "नाही गं आई. नाही जमत. नाही, बरी आहे मी. आंबे पाठव कुणाबरोबर तरी." आणि गव्हाचा डबा काढला.

मामा तडक कबाडखान्यात. मीही. उस्तादांनी गाडी मागून हातानं दाबून बघितली. हलली नाही. "तीन आदमी बैठे थे?" त्यांनी विचारलं. "अरे खां, पत्ते बने हैं टन भर माल के लिए, और तुम तीन फूल रख के घूम रिये हो! खाली में तो कूदेगी ही."

मामांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. पूर्ण लोडवर टेस्ट केली होती. रिकाम्यावर केलीच नव्हती! अठरा वर्षं लोकांच्या मशीनमधल्या चुका काढणारा माणूस, आणि त्याला हे सुचलं नाही. मला तरी कुठे सुचलं?

"एक पत्ता निकालना पड़ेगा," उस्ताद कमानीतल्या एका पट्टीवर बोट ठेवून म्हणाले. "सोमवार को लाओ. कल मेरी भांजी का निकाह है."

घरी आल्यावर मी म्हटलं, "मामा, मागे वाळूची पोती टाकू. गाडी खाली बसेल."

आतून मामी म्हणाली, "दीड वर्षानं माहेरी जायचं आणि वाळू घेऊन जायचं? बांधकाम काढलंय का माझ्या भावानं?"

"मग गव्हाची टाकू."

"त्याच्या स्वतःच्या शेतात गहू पिकतो रे. त्याला काय वाटेल, ताईला आमचा गहू पसंत नाही?"

मामा पिशवी घेऊन भाजी आणायला निघून गेले. मी बाहेरच्या खोलीत बसलो. समोर फोन. आणि मला एकदम दिसलं की पोती कशाला पाहिजेत? या गाडीची टेस्ट ज्या लोडवर पास झालीय तो लोड समोरच्या क्वार्टरमध्ये टीव्ही बघत बसलाय. अर्धा लोड समोर, अर्धा वर.

मी क्रेनकाकांना फोन लावला आणि घसा खाकरला.

"हां," मी म्हटलं. थोडी जागा सोडली. "तर असं आहे."

"बोला साहेब!" क्रेनकाका.

"उद्या सकाळी सहाला आम्ही मुलताईला निघतोय. हिच्या माहेरी. तुम्ही दोघं चला. ताप्तीचं कुंड बघा, गाडीची लाँग टेस्ट पण होईल. संध्याकाळी परत निघू."

"आम्ही? अहो, वहिनींच्या माहेरी आम्ही कुठे?"

"माझ्या सासूबाईंचा... हां... आग्रह आहे. आमरस आहे, पुरणपोळी आहे, कुरडया आहेत." मला कुठे थांबायचं ते कळत नाही, हा माझा लहानपणापासूनचा दोष आहे. "भजी पण आहेत."

"मग येतो की! पण साहेब, एक मिनिट. तुम्ही तर मला खिडकीतून दिसताय. कोपऱ्यावर. हातात पिशवी घेऊन."

मी खिडकीतून बघितलं. मामा खरंच कोपऱ्यावर दुधी बघत उभे होते.

"तो भाचा आहे," मी म्हटलं. "माझा शर्ट घालून गेलाय."

"मागून अगदी तुमच्यासारखा दिसतो हो."

"घरात कोणावर तरी जायला पाहिजे," मी म्हटलं आणि फोन ठेवला. घाम पुसला आणि दादांना लावला. तिथे सोपं होतं. मामांचं हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेवटी 'है' लावलेलं.

सकाळी सहाला मामा गाडी पुसत होते. जायचं नव्हतं, पण रविवार होता आणि हाताला काम पाहिजे होतं. समोरून क्रेनकाका आले, इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल. मागे काकू, खणाची पिशवी घेऊन. वरून दादा-बौदी उतरले, बौदींच्या हातात लुचीचा, म्हणजे मैद्याच्या पुऱ्यांचा, डबा.

"चला साहेब," काका म्हणाले, "एकदम टायमावर आहे ना?"

मामांनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी टायरमध्ये हवा आहे का ते लाथ मारून बघत होतो.

"तुमचा फोन आला आणि आमची ही रात्रीच केस धुवून बसली," काका म्हणाले.

मामांचं तोंड उघडलं. तेवढ्यात काका मागच्या बाकावर चढले. डब्ब्यानं एक लांब सुस्कारा सोडला आणि मागून चार बोटं खाली बसला. मामांचे डोळे चाकाच्या वरच्या जागेवर गेले. दादा चढले, अजून बोटभर. मामा खाली वाकले, अंतर नजरेनं मोजलं. अठरा वर्षं मोजणारा माणूस तो. उठले तेव्हा त्यांचं तोंड मिटलेलं होतं.

आवाज ऐकून मामी दारात आली होती.

"हे सगळे कसे?"

"वहिनी, यांनीच बोलावलं," काकू म्हणाल्या. "म्हणाले, गाडी भरलेली असली की तुमच्या कमरेला त्रास नाही." हे मी बोललोच नव्हतो. काकूंनी स्वतःच ताडलं होतं, टेस्टला आल्या होत्या आणि काल मामीला पायी परत येतानाही बघितलं होतं ना त्यांनी.

मामी मामांकडे बघत राहिली. "तुम्ही? माझ्यासाठी सगळ्यांना बोलावलंत?"

मामांनी घसा खाकरला. "हां," ते म्हणाले. "तर... असं आहे."

एवढंच! सगळं श्रेय एका खाकरण्यात खिशात घातलं. मी तोंड उघडणार होतो, पण त्यांच्या भुवया वर गेल्या होत्या.

"फक्त गेटपर्यंत बघते," मामी म्हणाली. "लागलं तर उतरणार." आणि आत जाऊन दोन मिनिटांत लुगडं बदलून, पिशवी घेऊन आली. पिशवी कालपासून भरलेलीच होती.

कोपऱ्यावरचा तो स्पीडब्रेकर आला. कुणी श्वास घेत नव्हतं. मामीनं दांडा धरला. पुढची चाकं गेली. मागची गेली. डब्बा एकदा खाली झाला, हळूच वर आला आणि पुढे निघाला.

"झाला?" मामीनं विचारलं.

"झाला!" आम्ही सगळे ओरडलो.

ओबेदुल्लागंज गेलं तेव्हा तिनं दांडा सोडला. बुधनीच्या घाटात ती मान टेकवून झोपली. गाडीत झोपली! मामा शेजारी बघून बघून चालवत होते, रस्त्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त, शेवटी दादा म्हणाले, "दादा, शामने देखो, भाभी कोई ट्रक नेई है।" काकू गात होत्या, हळू आवाजात, तिला जाग येऊ नये म्हणून. नर्मदेच्या पुलावर सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. मी तर पाट्यांनाच जोडले.

इटारसीला एक गडबड झाली. क्रेनकाका गरम मंगोडे, म्हणजे मूगडाळीची भजी, आणायला उतरले आणि मामांनी तेवढ्यात गाडी सावलीला घेतली. एक चाक नालीच्या कडेवरून गेलं. धप्प! मामी ओरडून उठली. मी पळत जाऊन काकांना दोन्ही हातांनी ओढत आणलं. "काका, तुम्ही नाही उतरायचं. तुम्हाला लागेल ते आम्ही आणून देतो." पुढे बैतूलपर्यंत काकांना जागेवर बसून चहा, काकडी, दोन वेळा मंगोडे आणि थंड पाणी मिळालं. ते म्हणाले, आपल्याला एवढा मान लग्नातसुद्धा नव्हता मिळाला.

मुलताईनंतरचा आतला रस्ता रस्ता नव्हताच. नांगरलेलं शेत होतं, मधून मधून डांबर लावलेलं. मामी सीटवर ताठ बसली होती. पहिल्या मोठ्या खड्ड्याला तिनं डोळे मिटले, दुसऱ्याला एकच मिटला, तिसऱ्याला उघडे ठेवले. मग बोट दाखवायला लागली. ते आमचं आंब्याचं झाड. ती शाळा. इथे मी सायकलवरून पडले होते. इथे माझ्या आजोबांनी यांना पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाले, मुलगा जरा मुका दिसतो. मामा हसले. हसणारे मामा मी तेव्हा पहिल्यांदा बघितले, आणि त्याची नक्कल मी अजूनपर्यंत केलेली नाही.

अंगणात गाडी थांबायच्या आत ती उतरली. उतरली म्हणजे उडी मारली. तिची आई ओट्यावर बसली होती, जाड चष्मा लावून. "कोण गं?" "मी." बस्स. मी दुसरीकडे बघितलं. बौदी रडायला लागल्या, त्यांना मराठीतलं काहीही कळत नव्हतं तरी.

जेवायला बसलो तेव्हा पंगतीत दोन ताटं होती आणि पाच जण पाण्याचे तांबे घेऊन उभे होते. मामीची वहिनी दारात आली. शनिवारी मामीनं येत नाही म्हणून कळवलेलं. त्यामुळे चुलीवर होतं घरच्यांपुरतं पिठलं.

क्रेनकाका पिठल्याकडे बघत प्रेमानं म्हणाले, "साहेब, पुरणपोळी शेवटी येणार काय? आणि त्या कुरडया? फोनवर तुम्ही भजी पण म्हणाला होता."

मामी मामांकडे वळली. "तुम्ही यांना पुरणपोळी सांगितलीत? माझ्या आईच्या घरी? न विचारता?"

मामांनी अर्ध्या सेकंदात मला विकलं. "मी नाही. यानं. माझ्या आवाजात."

तेव्हा मामीनं माझा कान धरला. विहिरीपाशी नेईपर्यंत सोडला नाही.

"अरे मेल्या, अक्कल आहे का तुला? वहिनीच्या तोंडाकडे बघितलंस? घरात पुरण नाही, डाळ भिजवलेली नाही, आणि सात माणसं दारात उभी करून ठेवलीस! दीड वर्षानं आलेय मी. आईपाशी दोन घटका बसायला मिळाल्या का मला? तिथे बौदी बसल्यात तिचा हात धरून. आणि माझ्याकडे बघून हसू नकोस! उद्या काकांची आणि दादांची ड्युटी आहे, संध्याकाळी या चौघांना परत न्यायचंय. हे गेले की गाडी परत रिकामी, मग मी कशानं यायचं? यांच्याबरोबर आजच? बघ, मी सांगते. मी नाही येत. मी आठ दिवस राहणार. तुम्ही दोघं सोमवारी त्या म्हाताऱ्याकडे जा आणि एक पाटा काढा, नाहीतर दोन काढा, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण काढल्यावर आधी तुम्ही दोघंच बसा त्यात, रिकाम्या गाडीत, आणि बाग सेवनियापर्यंत जाऊन या. कंबर जागेवर राहिली तर मला घ्यायला या. आणि आता उभा काय राहिलास खांबासारखा? बादली भर. हात धू. डाळ शिजायला घातलीय वहिनीनं, पुरण तू वाटायचं. पाट्यावर. सगळं. आणि एक जरी कणी राहिली पुरणात तर बघ!"